नऊ मिनिटं

ओट्यावरच्या वाटीत सुकलेली हळद.

चौकीबाहेरचा लोखंडी बाक.

जून महिना, आणि मयुराच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता.

नऊ मिनिटं.

फोन केल्यापासून नवव्या मिनिटाला पोलिसांची गाडी गुरुग्राममधल्या त्या सोसायटीच्या फाटकाशी आली. तिथे मात्र तिला थांबावं लागलं. मयुराने मोबाइलवर होकार दिला, तेव्हा कुठे आडवा दांडा वर गेला.

तिच्याकडे भांडी घासणारी भानुमती काल त्याच पोलिसांच्या चौकीबाहेर तीन तास बसली होती. जबडा सुजलेला, एक कान बधिर. "मियाँ-बीवी का मामला है, घर जाओ," एवढ्यावर तिची बोळवण झाली. घरी गेली, तर चौकीत का गेलीस म्हणून नवऱ्याने पुन्हा तुडवलं.

आज सकाळी तिचं तोंड पाहून मयुराने फोन फिरवला. आपलं नाव सांगितलं, टॉवर सांगितला, अठरावा मजला सांगितला. "पति ने मारा है." कोणाच्या पतीने, ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

गाडीतून आलेल्या पोलीस साहेबांनी बूट दाराबाहेर काढले. सोबत महिला शिपाई होती.

"मैडम, आप आराम से बैठिए. पानी लेंगी? सर घर पर हैं?"

"ऑफिस गए हैं."

तिच्याच घरात तिला पाणी विचारून साहेबांनी वही उघडली. मयुराने आतून भानुमतीला हाताला धरून आणलं आणि सोफ्यावर बसवलं.

"इन्हें मारा है. कल आपके यहाँ तीन घंटे बैठी थीं."

साहेबांनी भानुमतीकडे पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं. वही मिटली.

"अरे मैडम, इन लोगों का तो रोज़ का है. और आपने कॉल अपने नाम से की. झूठी कॉल पर उलटा आप पर केस बनेगा."

भानुमती उठू लागली. "रहने दो, दीदी." बोलताना तिची नजर मयुराच्या उजव्या बाहीवर होती.

हे लोक काही न लिहिता खाली उतरले, तर संध्याकाळी भानुमतीला त्याच खोलीत परतायचं होतं. मयुराने तिला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं.

"कॉल झूठी नहीं है," ती म्हणाली. मनगटावरचं बटण काढून तिने बाही पार खांद्यापर्यंत सरकवली.

शिपाईबाईंनी मान खाली घातली. साहेबांचा हात आपसूक वहीकडे गेला. नवीन पान, वर तारीख, आणि मयुराचा फ्लॅट नंबर.

"खोडा ते," मयुरा मराठीतच बोलून गेली. मग हिंदीत म्हणाली, "पहले इनकी लिखिए. मेरी उसके बाद."

मंगळवारी निहारने, मयुराच्या नवऱ्याने, तिचा दंड पिरगळला तेव्हा हळद भानुमतीने लावली होती. पोलिसांना फोन कोणीच केला नव्हता.