गुरुवंदनेची खुर्ची

"सर, तुम्ही मागे कुठं बसताय? पुढे या, पुढे!"

मनाली मॅडमनी महिपतीचा हात धरला आणि खुर्च्यांच्या रांगांमधून त्याला थेट स्टेजकडे न्यायला सुरुवात केली. मॅडम तिशीच्या. शाळेत नव्याच लागलेल्या. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्यांच्याच गळ्यात.

"अहो, मी आपला असाच..."

"असाच काय, सर! गुरुवंदना ठेवलीय आणि एकही गुरू हजर नाही. कुणी मुलाकडे अमेरिकेत, कुणाचे गुडघे, कुणी तर... जाऊ दे. तुम्ही दिसलात आणि जीव भांड्यात पडला बघा. हळू हां, पायरी आहे."

आता एवढ्या लोकांसमोर हात सोडवून परत फिरायचं म्हणजे तमाशाच. महिपती भोईर काठी टेकत पायरी चढला.

तो आला होता अंबरनाथ स्टेशनबाहेरचा बॅनर बघून. शाळेच्या तीन माजी विद्यार्थ्यांना जीवनगौरव पुरस्कार. पूल बांधणारा गुरुदत्त, कबड्डीचा कोच शशिकांत आणि न्यायाधीश होऊन निवृत्त झालेली यशोधरा. तिघांचे हे भलेमोठे फोटो. मागून रिक्षावाल्यानं "ओ बाबा, साइड में!" म्हणून हॉर्न मारेपर्यंत महिपती त्या फोटोंपुढून हलला नव्हता.

त्याला फार काही नको होतं. तिघांपैकी एकानं तरी आपल्याला ओळखावं आणि दोन घटका बोलावं, एवढंच.

कारण बोलायला होतंच कोण? बायको, जनी, गेली तशी घरातली बडबडच गेली. चिखलोलीच्या टॉवरमध्ये मुलगा-सून सकाळी कुलूप लावल्यासारखे तोंड मिटून बाहेर पडायचे आणि रात्री मोबाइल घेऊन परत यायचे. वाईट नव्हती हो पोरं, दमायची बिचारी. वॉचमन "अंकल, लिफ्ट बंद है" म्हणायचा, तो दिवस त्यातल्या त्यात बरा जायचा. गेल्या वर्षीच्या आजारपणात महिपतीचे दात गेले, अंगावरचं मांस गेलं, डोक्यावर कापूस तेवढा राहिला. दाढी करताना आरशात बघून त्यालाच वाटायचं, हा कोण बाबा?

स्टेजवर त्याला मधली खुर्ची दिली. मनाली मॅडमनी माइकवरून सांगितलं, "आपल्यात आज आपले वंदनीय सर उपस्थित आहेत!" टाळ्या पडल्या. नाव विचारायला घाईत कुणालाच सुचलं नाही, आणि महिपती सांगायला उठेपर्यंत कार्यक्रम पुढे सरकला होता.

पहिला आला शशिकांत. तिघांचेही केस काळेभोर होते, डायची कृपा. शशिकांतनं वाकून दोन्ही पायांवर डोकं टेकलं.

"सर, तुमच्या छडीनं सरळ झालो!"

महिपतीनं आयुष्यात कुणाला टपली मारली नव्हती. पण शशिकांत पी.टी.च्या तासाला कुंपणावरून उडी मारून पोहायला पळायचा, हे त्याला पक्कं आठवत होतं.

"अजून पोहतोस का रे?" त्यानं हळूच विचारलं.

"बघा! सर काही विसरले नाहीत!" शशिकांत माइककडे वळून ओरडला. पुन्हा टाळ्या. तोवर मागची यशोधरा पुढे झाली होती.

यशोधरा मधल्या सुट्टीतही पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. आज तिनं वाकून नमस्कार केला, महिपतीच्या डोळ्यांत नीट पाहिलं. ओळखलं! ओळखलं बहुतेक!

"तब्येतीला जपा, सर," ती म्हणाली आणि शालीची घडी सावरत बाजूला झाली.

गुरुदत्तची वेळ आली तोवर फोटोग्राफरची गडबड सुरू झाली होती. "सर, इकडे बघा! आशीर्वादाचा हात डोक्यावर! सर, हसा जरा!" गुरुदत्तच्या डोक्यावर हात ठेवून महिपती बोळकं पसरून हसला. पण सगळं अंबरनाथ पाया पडून गेलं असतं तरी आज त्याला घरी एकटंच जायचं होतं.

भाषणं झाली. बटाटेवडे आले. जो तो सेल्फीत गुंतला. महिपती खुर्चीतच राहिला, कारण उठवायला कुणी आलं नाही. वडा तसाच बशीत गार होत होता. चल बाबा, झाली हौस, म्हणून त्यानं काठी चाचपली.

तेवढ्यात गुरुदत्त खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसला. त्यानं महिपतीचा हात दोन्ही हातांत घेतला. पुढारी हाका मारत होते, तिकडे लक्षच नाही. महिपतीनं काठी पुन्हा खाली ठेवली.

"सर, खरं सांगू? सत्कार होतच असतात. मी बडोद्याहून आलो ते एका माणसासाठी," गुरुदत्त म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "सकाळी मोरिवलीला जाऊन आलो. त्याच्या घराच्या जागी गोदाम आहे. ज्याला विचारावं तो खांदे उडवतो. बायको गेल्यापासून मला रोज त्याची आठवण येते, सर. एकटं वाटतं हो फार. मनातलं बोलावं असा तोच एक होता."

महिपतीनं आपला दुसरा हात त्याच्या हातांवर ठेवला.

"तुम्ही इथलेच, तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारतो," गुरुदत्तनं डोळे पुसले. "माझ्याच बाकावर बसायचा. आमच्या वर्गातला महिपती भोईर. कुठं असतो तो हल्ली?"