काळा ओटा

"आई, शेगडी कुठे संपते आणि ओटा कुठे सुरू होतो, कळतसुद्धा नाही, बघ!" काळ्या ग्रॅनाइटमध्ये सपाट बसवलेली काळ्या काचेची विजेची शेगडी मुलगा कौतुकानं दाखवत होता.

"खरंच नाही रे कळत," मी म्हणाले. सूनबाई हसली.

काचबिंदूनं माझी नजर विझत चाललीय, हे मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर स्वयंपाकघर सुटलं असतं. आपल्या हातचा नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हे माझं मनातल्या मनात पाळलेलं व्रत. गॅसची निळी ज्योत निदान दिसायची. इथे सगळंच काळं.

आज खिरीचं पातेलं उतरवलं आणि ओटा समजून उजवा तळहात तापलेल्या काचेवर टेकवला. तोंडातून आवाज निघू दिला नाही. हात नळाखाली धरला, पदरात गुंडाळला आणि देवाला नैवेद्य दाखवला.

आरती आटोपून मुलगा तीर्थाची पळी घेऊन आला. तीर्थ काही डाव्या हातात घेता येत नाही. मी पदर सोडवून उजवा हात पुढे केला.

पळी तशीच थांबली. तो माझ्या फोडांकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिला. "आई, तुला दिसत नाही?"

मी हात तसाच पुढे धरला.

"उद्यापासून स्वयंपाक, नैवेद्य, सगळं ही बघेल. तू फक्त वेळेवर जेवत जा." त्यानं तीर्थ माझ्या तळहातावर अलगद सोडलं.

"बरं," मी म्हणाले. माझ्या हातच्या शेवटच्या नैवेद्याची, खिरीची वाटी जवळ ओढली आणि अगदी सावकाश संपवली.