काळ्या विद्येची पदवी

शुभदाने टिश्यू पेपरची पुडी उलगडून भक्तीच्या लॅपटॉपशेजारी ठेवली. आत केस होते. आखूड, मेंदी लावून लाल झालेले.

"सुर्व्यांचे आसत. तेंच्या फणयेतले," ती हळूच म्हणाली. "तेका मारू नको हां गो बाय. नुसतो माझो पासपोर्ट सोडूक लाव."

भक्तीला आधी काही उमजलंच नाही. मग तिने आईकडे पाहिलं. रखमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कोरडाच पेला पुसत होती.

भक्ती शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकत होती आणि सुट्टीसाठी आखातात, नईम वस्तीतल्या आईवडिलांच्या घरी आली होती. 'ब्लॅक स्टडीज अँड क्रिमिनल जस्टिस' हे तिच्या पदवीचं नाव तिच्या वडिलांच्या, विठ्ठलच्या, जिभेला कधी झेपलं नाही. तो आपला लोकांना 'लॉ' सांगून मोकळा होई. रखमाने मात्र भजनी मंडळातल्या बायकांना नीट फोड करून सांगितलं होतं. ब्लॅक म्हणजे काळी, स्टडी म्हणजे विद्या. आणि ती कोणावर चालवायची, तर गुन्हेगारांवर. यात आपण पदरचं काय घातलं, असा तिचा सवाल होता. तेव्हापासून मंडळात प्रसादाचा पहिला द्रोण रखमाला मिळायचा, तोही दोन्ही हातांनी.

भक्तीचं डोकंच फिरलं. विद्यापीठात पहिले कित्येक महिने ती वर्गात मान खाली घालून बसली होती. आखातातून आलेली भारतीय मुलगी, कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर आपण काय बोलणार, असं तिला वाटे. तोंड उघडलं ते एका निबंधामुळे. 'काळा' या शब्दाला भीती कोणी चिकटवली, असा विषय होता. तिने काळा बाजार, काळी जादू, तोंड काळं करणं अशी आपल्या भाषेतली सगळी लाज गोळा करून मांडली. शिकवणाऱ्या बाई स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी तो निबंध वर्गाला वाचून दाखवला, आणि त्या दिवसापासून भक्ती तिथली झाली. आणि इथे तिच्याच आईने तिला मांत्रिक करून ठेवलं होतं. हे समजावता समजावता ती रडकुंडीला आली. दोघींनी मन लावून ऐकलं. मग शुभदाने विचारलं, लिंबू आणायचं राहिलं, ते लागेल का?

शुभदाची अडचण मात्र खरी होती. गावी लेक बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आले होते आणि सासरचं कोणी ढुंकून बघत नव्हतं. सुर्वे सफाईची माणसं पुरवायचे. शुभदासकट रिफा भागातल्या बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या सगळ्या बायकांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात असत. का, तर हरवू नयेत म्हणून. दुसऱ्याचा पासपोर्ट असा ठेवून घेणं बेकायदा आहे, आपण तक्रार करू, असं भक्तीने सांगितलं. शुभदा घाबरली. तक्रारीखाली नाव तिचं येणार, आणि तिचा भाऊही सुर्व्यांकडेच कामाला होता.

मग भक्तीने स्वतःच फोन लावला. क्रिमिनल जस्टिस काही उगाच शिकत नव्हती ती. तिने कायदा सांगितला, शिक्षा सांगितली, आवाज जराही चढू दिला नाही. सुर्व्यांनी सगळं प्रेमाने ऐकून घेतलं. विठ्ठलची चौकशी केली. पुढच्या महिन्यात बघू, इंशाल्ला, म्हणाले. कायद्याचं बोलणाऱ्या पोरी त्यांनी फार पाहिल्या असाव्यात. फोन ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, मंडळात बायका काय काय बोलतात, तू नक्की शिकतेस तरी काय?

भक्तीने पदवीचं पूर्ण नाव सांगितलं. म्हणजे बायका बोलतात ते खरंच, सुर्व्यांनी आवाज उतरवून विचारलं.

खुलासा करायला हीच संधी होती. निबंध तर तोंडपाठच होता. पण समोर शुभदा बसली होती, पदराचं टोक मुठीत आवळून. भक्तीला वर्गातल्या बाई आठवल्या आणि अंगभर लाज पसरली. तरीही ती बोलली.

"हो काका, तेच शिकते. तुमचे केस आत्ता माझ्या टेबलावर आहेत."

संध्याकाळी सुर्वे स्वतः नईमला आले. सोबत पासपोर्ट, तिकिटाला हातभार आणि मिठाईचा खोका. बसा म्हटलं तरी बसेनात. शुभदाने पासपोर्ट कपाळाला लावला आणि हुंदका आवरत आत निघून गेली. भक्तीने पुडी परत दिली, तेव्हा सुर्व्यांनी ती उघडून पाहिली, खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला. एवढा मोठा माणूस, पण घामाने थबथबला होता. भक्तीला त्याची दयाही आली आणि स्वतःची चीडही. आपण जी भीती पुसायला शिकतो, तिच्याच जोरावर आज आपलं काम झालं, हे तिला पचेना. आता तरी खरं सांगून टाकावं, म्हणून तिने तोंड उघडलं.

पण सुर्वे दारातून परत फिरले होते. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते तिच्याजवळ आले.

"माझो पासपोर्ट आमच्या सायबाकडे आसा गो," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "पण तेका टक्कल. नखां चलतीत काय?"