रॉकेलनं पुसलेला पट्टा

चहाचा ट्रे घेऊन वच्छला बैठकीत आली आणि तिच्या गुडघ्यावरचा पट्टा काडकन तुटला. पाय दुमडला. कपबशा पाहुण्यांच्या पायाशी फुटल्या, त्यांच्यातच ती आडवी झाली. साडी वर सरकली. पोलिओनं वाळलेला पाय आणि त्याला बांधलेल्या लोखंडी सळया सगळ्यांना दिसल्या.

मुलाची आई लक्ष्मीबाई उठून उभी राहिली. "तुमी तर म्हणले होते, पाय मुरगळलाय."

वच्छलानं मान वर करून वहिनीकडं, आवडाबाईकडं पाहिलं. मुरगळल्याचं सांगितलंय, हे वच्छलाला आत्ताच कळत होतं.

"सांगणारच होतो की," आवडाबाई पुटपुटली.

"कवा? हळदीला?"

मुलगा वच्छलाला हात द्यायला वाकला होता. आईनं त्याचं मनगट धरून त्याला बाहेर नेलं.

आवडाबाईनं दाराला कडी घातली आणि वळली. "मुद्दाम पडलीस."

"पट्टा बघा." वच्छलानं तुटका तुकडा वाकवला. कातडं पापडासारखं मोडलं. काळ्या रंगाचे पोपडे फरशीवर पडले.

इतकी वर्षं ती या पट्ट्याला एरंडेल चोळत आली होती. तेल प्यालेलं कातडं मऊ राहायचं, गुडघ्याचा ताण सोसायचं. पण आज नेसायला दिलेल्या साडीला तेलाचे डाग पडतील, म्हणून आवडाबाईनं परवा पट्टा रॉकेलनं पुसून काढला, उन्हात वाळवला आणि वर ऑइलपेंट मारला. "कातडं कडक व्हईल, नका करू," वच्छला म्हणाली होती.

"तुला इथून जायचंच नव्हतं," आवडाबाई म्हणाली. "मला ठाऊक हाय."

भाऊ बद्रीनाथ इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो बहिणीला उचलायला पुढं आला.

"हात लावू नको, दादा. मुरगळल्याचं तुला माहीत होतं?"

तो वाकून फुटक्या कपांचे तुकडे गोळा करू लागला.

"मग औरंगपुऱ्यात जा. पट्टे शिवणाऱ्या रहीमभाईकडून नवा आण. कोरा आण, रंग नको."

"तोवर आतल्या खोलीत पड जाऊन," आवडाबाई म्हणाली.

वच्छला हातांवर सरकत दाराशी गेली. कडी काढून तिनं दार सताड उघडलं. समोरच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. ती उंबऱ्यात बसली आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

"आत ये. लोक बघत्यात," मागून आवडाबाईचा दबका आवाज आला.

वच्छलानं सळया सोडवून बाजूला ठेवल्या आणि वाळलेला पाय गल्लीकडं लांब केला.