युनफिंगची पाटी

म्हातारी बिएनने हातातला बांबू कारकुनाच्या चौरंगावर आपटला तेव्हा शाईची वाटी उपडी झाली.

"आजी, डोकं ठिकाणावर आहे का?" कारकून रुआन ओरडला. बाहेर शिपाई कचेरीची पाटी उतरवत होते. युनफिंग जिल्हा आजपासून रद्द.

"माझं आहे. तुमच्या दरबाराचं बघा. धरा एक टोक, माझ्या मालकांना घरी न्यायचंय."

मालक, म्हणजे तिचे वारलेले यजमान, टेकडीवर होते. ठेवलेले, पुरलेले नव्हे. उत्तरेतलं खरं युनफिंग शत्रूच्या घोडेस्वारांनी घेतलं, माणसं नदी ओलांडून दक्षिणेत पळाली, आणि दरबाराने त्यांच्या जिल्ह्याचं नुसतं नाव आणून या कचेरीवर टांगलं. जमीन वीतभरही नाही. तुम्ही इथले पाहुणे, आज ना उद्या परत नेऊ, असा वर शब्द दिला. म्हणून युनफिंगचा माणूस मेला की उथळ खड्डा, हातभर माती आणि शवपेटीशेजारी ती वाहून न्यायचा बांबू. उचलायचं आणि निघायचं.

"आता तुम्ही इथल्याच," रुआन शाई पुसत म्हणाला. "इथल्यांसारखा सारा भरा, आणि त्यांना खोल पुरून मोकळ्या व्हा."

"मोकळी होऊ?" म्हातारीचा आवाज चिरकला. "त्या रांगेत उभ्या असलेल्या कूने माझ्या पोरीला मागणी घातली होती. नाही म्हटलं मी! पाहुण्यांनी इथे सोयरीक करायची नसते म्हणून. झुरून मेली पोर. तीही टेकडीवरच आहे, बापाशेजारी, हातभर मातीखाली. कुणाच्या शब्दावर? बोल ना रे!"

रुआन शाई पुसत राहिला. शब्द देणारे केव्हाच मरून गेले होते, आणि ते मात्र खोल, पक्क्या थडग्यांत निजले होते.

सारा भरायला आलेला कू रांगेतून पुढे आला. याच गावचा कोळी, केस पिकलेले. त्याने बांबूचं एक टोक उचललं.

"तू सोड," म्हातारी खेकसली. "ज्यांनी शब्द दिला त्यांनी धरायचं."

"एकदा नाही म्हणालात ना आजी? आता नका म्हणू. दोघांनाही खोल ठेवू. मी खणतो."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं नाही. पण दुसरं टोक धरलं.

दाराबाहेर युनफिंगच्या नावाची पाटी धुळीत पडली होती. म्हातारी वाकली आणि तिने ती काखोटीला मारली.

"अहो, सरकारी आहे ती!" रुआन आतून ओरडला.

"मग काय करशील? माझ्या गावातून हाकलशील?" म्हातारी वळली. "त्यांच्या उशाशी ठेवणार आहे. घरी पोचलो का, म्हणून विचारतील. काहीतरी दाखवायला नको?"