भिंतीकडे पाठ

मुलगी चार मजल्यांइतक्या उंच भिंतीवर चढत होती, प्रशिक्षक खालून तिची दोरी सांभाळत होता आणि जावई मात्र भिंतीकडे पाठ करून बसला होता. सासूबाईंना राहवेना.

"भांडलात का?"

"नाही हो, आई. हाच रूट मला उद्या चढायचाय. दुसऱ्याला चढताना न बघता, पहिल्याच फटक्यात चढलं तर आमच्यात सगळ्यात मोठा मान. एकदा बघितलं की तो कायमचा गेला."

"आणि हिला?"

"ती सराव करून चढतेय. अकरा वेळा पडलीय. न पडता वर पोचली की तिचंही धरतात, पण जरा खालच्या पायरीवर."

"आत्ता तर डावा पाय पार कानाशी..."

"सांगू नका. नुसतं ऐकलं तरी माझं बाद."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. नेहमी ज्या वेळी ती पडून दोरीला हिसका बसायचा, ती वेळ टळून गेली.

"आई, अजून वरच आहे का ती?"

"मला बोलायची बंदी आहे."

तो वळला. तिने शेवटची पकड गाठली, तेव्हा तो तोंड उघडं टाकून वर बघत होता.

खाली उतरल्यावर दोरी सोडायच्या आधीच ती त्याच्यावर उखडली. "बघितलंस ना? आता हा रूट न बघता चढणं तुला जन्मात जमणार नाही."

"तू तरी तो न पडता पहिल्यांदा परत कुठे चढणार होतीस?"