तिला आणायला

‘दादा, हा मला एक दिवस मारून टाकील. मला घेऊन जा,’ असं रेवतीनं घाईत, सहीसुद्धा न करता लिहिलं होतं. बुजऱ्या मनोहरनं बहिणीला उत्तर धाडलंच नाही.

वर्षानं तो तिच्या घरी गेला. त्याच्यादेखत नवऱ्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं, पोटात लाथ घातली आणि शीळ घालत कामावर गेला. मनोहर थिजून उभा राहिला.

नवऱ्यानंच बसवून दिलेली, तिच्या कानामागची बिब्ब्याएवढी चकती लुकलुकली. तिच्या मनातलं स्वतःचं दुःख, त्याची आठवणसुद्धा पुसली गेली. ओठांवरचं रक्त चाटत रेवती हसली. “दादा, चहा टाकू?”

त्यानं ते पत्र पुढे केलं.

ती वाचताना कळवळली. दुसऱ्याचं दुःख चकतीला पुसता येत नसे. “अगं बाई! कोण रे ही? अक्षर अगदी माझ्यासारखं! उत्तर दिलंस ना?”

“नाही.”

“पुस्तकी किडा मेला! आत्ता लिही. मीही येते तिला आणायला.”

‘न्यायला आलोय,’ एवढंच त्यानं लिहिलं. एसटी स्टँडच्या वाटेवर, एका हातानं तिचं मनगट घट्ट धरून, दुसऱ्या हातानं त्यानं ते उत्तर पेटीत टाकलं.